मागचा डावा कोपरा

आमच्या घरात 'बघू' या शब्दाचा अर्थ 'नाही' असा होतो. मुलांनी मांडवीला समुद्रावर जाऊया म्हटलं आणि मोठ्यांपैकी कोणी 'बघू' म्हणालं, की मुलं मुकाट्याने चपला काढून ठेवतात. त्यामुळे दसऱ्यानंतरच्या सोमवारी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये शिकवणाऱ्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय, यंदा सावर्ड्याला जोडी हीच का?" आणि माझ्या धाकट्या जावेने रॅकेटच्या मुठीची पट्टी गुंडाळता गुंडाळता 'बघू' म्हटलं, तेव्हा मला जे कळायचं ते कळलं. वर मी हसून, "बघा, बघा," असंही म्हणाले.

आम्ही दोघी जावा बॅडमिंटनची डबल्स एकत्र खेळतो हे ऐकून लोकांना गंमत वाटते. जावा-जावा आणि एका बाजूला, असा चेहरा करतात. मी थोरली. वय सेहेचाळीस. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासे गोठवण्याचा एक कारखाना आहे, तिथे कामगारांच्या हजेरीचं काम पाहते. धाकटी माझ्याहून सात वर्षांनी लहान, घरीच शिवणकाम करते. सहा वर्षांपूर्वी माझी साखर वाढली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि चालण्याचा मला कंटाळा, म्हणून मी सकाळी शहरातल्या हॉलवर जायला लागले. एकटी कशी जाऊ म्हणून हिला ओढत नेलं. महिन्याभरात कळलं की ही माझ्यापेक्षा चांगली खेळते. मी ते मनाला लावून घेतलं नाही. निदान सगळ्यांना मी तसं सांगत असे.

सावर्ड्याला एका शाळेच्या हॉलमध्ये दर वर्षी मार्गशीर्षात पस्तिशीच्या पुढच्या बायकांची स्पर्धा असते. गेल्या वर्षी तिथे आम्ही उपांत्य फेरीत हरलो. शेवटचे चार गुण एकाच जागी गेले. माझ्या डोक्यावरून, मागच्या डाव्या कोपऱ्यात. समोरच्या दोघींना ती जागा सापडली आणि त्यांनी तिचा पिच्छाच पुरवला. मी मान वर करून शटलचं फूल जाताना बघत राहिले. परतताना हातखंबा येईपर्यंत धाकटी गाडीत एक शब्द बोलली नाही. खिडकीला डोकं टेकून बसली होती. ते मी वर्षभर विसरले नव्हते.

आणि यंदा हॉलवर एक डॉक्टरीणबाई नव्याने येऊ लागल्या होत्या. बदली होऊन आलेल्या, वय छत्तीस, पायाला भिंगरी लावल्यासारख्या. त्या कोर्टवर आल्या की सर हातातला चहा खाली ठेवून बघत. नावं द्यायला सहा आठवडे होते. 'बघू'चा रोख कुठे होता ते सांगायला ज्योतिषी नको होता.

मी सरांना एकटं गाठलं. सर कोल्हापूरकडचे. आडपडदा नाही.

"ताई, तुमचा हात बरा हाय. पाय झोपल्यात तुमचं."

"मग जागे करायला काय करू?"

त्यांनी व्यायाम लिहून दिले. दोरीच्या उड्या, आधी दोन्ही पायांनी, मग एकेका पायाने. जमिनीवर शिडी आखून तिच्या खणांतून भराभर पावलं टाकायची. मग सहा कोपरे. फूल नाही, समोर कोणी नाही, आपण कोर्टच्या मध्यावर उभं राहायचं आणि पुढे दोन, बाजूंना दोन, मागे दोन अशा सहा जागांवर जाऊन, हवेत रॅकेट मारून, दर वेळी मध्यावर परत यायचं. आणि या सगळ्याच्या आधी एक बारीकशी उडी. समोरच्याने फूल मारायच्या क्षणी दोन्ही पायांवर हलकं उडून उतरायचं, म्हणजे कुठल्याही दिशेला पाय सुटतो. त्या उडीला सर इंग्रजीत काहीतरी म्हणत. मी तिला 'सावध उडी' म्हणू लागले. सेहेचाळीस वर्षं मी ज्या ज्या गोष्टींना उशिरा पोचले, त्या प्रत्येकीच्या आधी अशी उडी घ्यायला हवी होती असं मला तेव्हा फार वाटे.

घरापुढचं खळं मोठं आहे. पूर्वी शेणाने सारवायचे, आता सिमेंटचा कोबा आहे. पहाटे पाचला उठून तुळशीच्या उजव्या हाताला मी मोजपट्टी धरून अर्धं कोर्ट आखलं. जाळ्याची रेघ ओटीच्या पायरीला लागून, मागची रेघ बेड्याच्या, म्हणजे फाटकाच्या, दिशेला. रेघा रांगोळीच्या. शिडी सुंभाची, म्हणजे काथ्याच्या दोरीची, ती माडाच्या झावळ्या बांधायला घरात असतेच. पहिल्या दिवशी सहा कोपऱ्यांच्या तीन फेऱ्या झाल्या आणि मी पायरीवर बसून धापा टाकू लागले. सासरे चहाचा कप घेऊन ओटीवर येऊन बसलेले.

"काय गो, भूत बघितलंस काय?"

सासरे आयुष्यभर बोटीवर होते. जमिनीवरच्या कुठल्याच गोष्टीची त्यांना घाई नाही, त्यामुळे ते माझे पंच झाले. माझा मोबाईल हातात घेऊन वेळ मोजत. "झाला," असं म्हणत, एवढंच. बरं झालं की वाईट, काही नाही.

माझा जीव कुठेच रमेना. ऑफिसात टेबलाखाली पाय चालूच. हजेरीच्या पत्रकावर बोट ठेवून मी मनात डावा-मागे, मध्य, उजवा-पुढे, मध्य असं करत असे. शेजारचा माणूस म्हणाला, "मॅडम, टेबल हलतंय." घरी भाकऱ्या थापताना ओट्याशी उभी राहून टाचा वर-खाली. बाजारात बांगडे घेताना कोळीण सुट्टे काढेपर्यंत दोन वेळा सावध उडी. ती बघून म्हणाली, "लागलीय काय गो? जा घरी, पैसे उद्या दे." मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. मला काढून टाकणार. माझ्याच घरातली, मीच ओढून नेलेली बाई मला काढून टाकणार, आणि संध्याकाळी मी तिच्याच हातची आमटी वाढून घेणार.

धाकटीने तिसऱ्या दिवशी रेघा पाहिल्या.

"वहिनी, खळ्यात काय काढलंत?"

"व्यायाम."

"बरा आहे," म्हणाली आणि मुलांचे डबे भरू लागली. मी त्या 'बरा आहे'चाही चार वेळा अर्थ लावला.

तीन आठवड्यांत वेळ चांगली उतरली. विशेषतः मागे जाणं. पूर्वी मागे जाताना वाटे, कोणीतरी पदर धरून ठेवलाय. आता पाय आपोआप सुटत. दोन सरकती पावलं, तिसऱ्याला उडी, की मागची रेघ टाचेखाली. त्याउलट पुढे जाताना मांड्या भरून येत, पण त्याचं मला काही वाटलं नाही. माझं दुखणं मागचं होतं. मी मनातल्या मनात सावर्ड्याचे ते चारही गुण परत घेतले. एकदा तर सासऱ्यांनाही म्हटलं, "बाबा, आता बघा." ते म्हणाले, "बघतोय की."

मग मी सरांना सांगितलं, माझी परीक्षा घ्या. रविवार होता, हॉलवर सगळे होते. सर जाळ्यापलीकडे खोक्यात फुलं घेऊन उभे राहिले आणि एकेक उडवू लागले. पुढची सगळी मी उचलली, अगदी जाळ्याला चिकटलेलीसुद्धा. लोक वा म्हणाले. मग सरांनी मागे टाकायला सुरुवात केली. पहिलं माझ्या डोक्यावरून गेलं. दुसरंही. मी जीव तोडून मागे जात होते आणि दर वेळी एक पाऊल कमी पडत होतं. पूर्वी कधीमधी पोचत तरी असे. दहापैकी आठ फुलं माझ्या मागे पडली. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी बुटाची नाडी सोडून परत बांधली.

"ताई, तुम्ही शर्यत नीट लावताय, पण रस्ता चुकताय," सर म्हणाले. डॉक्टरीणबाई पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "या वयात इतकं करता हेच खूप आहे हो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटी लांब भिंतीशी उभी होती. तिच्याकडे मी बघितलंच नाही.

घरी आल्यावर मी खळ्यातल्या रेघा पुसायला घेतल्या. संपलं, आता नको. रांगोळी केरसुणीने जाईना म्हणून विहिरीवरून बादली आणली आणि पायरीशी उभी राहून भस्सकन ओतली. पाणी जाळ्याच्या रेघेवरून निघालं, कोर्टच्या मध्यावरून सरळ खाली गेलं, मागच्या डाव्या कोपऱ्यात जरा रेंगाळलं आणि बेड्याखालून वहाळात गेलं. मी ज्या वाटेने तीन आठवडे मागे पळत होते, अगदी त्याच वाटेने. मी रिकामी बादली हातात घेऊन बघत राहिले.

"बाबा, खळ्याला ढाळ आहे?"

"असणारच. पाणी घरात घेऊ काय? मीच काढून घेतलाय ढाळ, गवंड्याच्या डोक्यावर उभा राहून. चांगला वीतभर आहे."

"मग मला बोलला नाहीत?"

"तू विचारलंस काय? मला वाटलं, मुद्दाम करत्येस. मागे येतेस ती उतारावरून येतेस गो. बोट त्या अंगाला झुकलेली असली की माणूस त्या अंगाला पळतोच."

कोकणात सगळ्या खळ्यांना ढाळ असतो. लग्न होऊन आल्यापासून चोवीस पावसाळे मी त्या खळ्यात उभी राहून पाणी कुठून कुठे जातं ते पाहिलंय. गणपतीच्या दिवसांत पोरांनी केलेल्या कागदी होड्या सोडल्यात. आणि तरी मी जाळं वरच्या अंगाला आखलं होतं. ओटीकडे तोंड करून उभं राहायची सवय, दुसरं काय. मला इतका संताप आला, की मी त्याच संध्याकाळी परत रांगोळी काढली, या वेळी उलटी. जाळं बेड्याकडे, मागची रेघ पायरीशी. आता मागे जायचं म्हणजे चढावर जायचं.

हॉलवर जाणं मी बंद केलं. धाकटीला सांगितलं, कारखान्यात तपासणी आहे, लवकर जावं लागतं. ती खरं मानते की नाही ते मी पाहिलं नाही. ती स्कूटर घेऊन एकटी जाऊ लागली. मी बेड्याकडे तोंड करून उलट्या पावली चढ चढू लागले. पहिल्या आठवड्यात पोटऱ्यांत असे गोळे आले, की जिना उतरताना मी कठड्याला लोंबकळत असे. संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यावर मांडवीला जाऊन ओल्या काळ्या वाळूत अनवाणी सरकती पावलं टाकायची. भेळवाल्यासमोरची माणसं बघत. बघू देत. रात्री झोपेतही माझा पाय झटका मारून उठे. डॉक्टरीणबाई आणि धाकटी आता एकत्र सराव करतात, हे मला शिवणाच्या कपड्यांसाठी आलेल्या एका बाईकडून कळलं. त्या दिवशी मी सहा कोपऱ्यांच्या बारा फेऱ्या मारल्या आणि सासरे म्हणाले, "झाला. आता खाली बस नायतर पडशील."

नावं द्यायला तीन दिवस उरले तेव्हा मी हॉलवर गेले. सरांना म्हटलं, एक गेम लावा. मी आणि धाकटी एका बाजूला, समोर डॉक्टरीणबाई आणि बँकेतल्या एक बाई. मग ठरवा कोणाचं नाव द्यायचं ते. धाकटीने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं, केस बांधले आणि कोर्टवर उतरली.

पाय जागे झाले होते. सावध उडी घेतली, की जमीनच मला पुढे ढकलत होती. पुढची दोन फुलं, बाजूचं एक. सर बाहेरून, "आयला!" असं म्हणाले. आठ-आठ झाले. डॉक्टरीणबाई हुशार, त्यांनी रविवारची परीक्षा पाहिली होती. त्यांनी फूल उंच उचललं, माझ्या डोक्यावरून, मागच्या डाव्या कोपऱ्यात. मला हवं होतं तेच. मी वळले, एक पाऊल, दोन, तिसऱ्याला उडी घेतली, फूल नेमकं माझ्या कपाळावर होतं, रॅकेट वर नेली, आणि कोणीतरी माझ्यावर धाडकन येऊन आदळलं.

आम्ही दोघी खाली पडलो. तिच्या रॅकेटची कड माझ्या भुवईला लागली होती. फूल आमच्या दोघींच्या मध्ये पडलं.

"तू इथे काय करत्येस?" मी ओरडलेच.

"घ्यायला आले."

"ते माझं होतं!"

धाकटी जमिनीवर बसून माझ्याकडे बघत राहिली. धाप लागली होती तिला. मग हळू म्हणाली, "वहिनी, ते तुमचं कधी होतं? सहा वर्षं तिथलं मीच घेते."

भुवईवरून रक्त ओघळत होतं, तिने आपल्या ओढणीने ते दाबून धरलं. आणि मला एकेक खेळ आठवायला लागला. डोक्यावरून गेलेलं फूल, आणि लगेच मागून आलेला फटक्याचा आवाज. मी तेव्हा पुढे निश्चिंत उभी राहून पुढच्या फुलाची वाट बघत असे. तो कोपरा मी रिकामा सोडलाय हे मला कधी समजलंच नव्हतं, कारण तो कधी रिकामा राहिलाच नव्हता. आमच्या ओटीवरच्या कपाटात तीन चषक आहेत.

"गेल्या वर्षी?" मी विचारलं.

"गुडघा सुजला होता. शेवटच्या चारला नाही पोचले. गाडीत बोलले असते तर रडू आलं असतं, आणि तुम्हाला वाटलं असतं, तुमच्यावर रागावले."

सर कापूस घेऊन आले. चार टाके पडतील का म्हणून डॉक्टरीणबाईंनी डोळ्याजवळ वाकून पाहिलं, नाही म्हणाल्या, पट्टी लावली. त्यांचा हात फार हलका होता. गेम तिथेच सोडला. सगळे पांगल्यावर मी धाकटीला म्हटलं, "आता तो कोपरा मला येतो. आता तुला यायला नको." मला वाटलं, तिला आनंद होईल.

तिने रॅकेट पिशवीत घातली. चेन लावली. परत उघडली.

"मग मी कुठे उभी राहू, वहिनी? माझे पाय तिकडेच पळतात. तुम्ही पुढे असलात की माझं अर्धं लक्ष तुमच्या पाठीमागेच असतं. डॉक्टरीणबाईंबरोबर खेळताना पहिल्यांदा कळलं, की आपल्या जागेवर उभं राहून नुसतं आपलंच खेळता येतं."

"म्हणजे तुला त्यांच्याबरोबर खेळायचंय?"

"हो," ती म्हणाली. आमच्या घरात इतकं सरळ कोणी बोलत नाही.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. सहा आठवडे मी पोटऱ्या फोडून घेतल्या होत्या, त्यातले तीन चढावर, उलट्या पावली, आणि ही म्हणत होती की आता नको. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ताट वाढलं की घेत होते, एवढंच. तिनेही काही विचारलं नाही. मात्र त्या दोन दिवसांत मला घरभर तेच दिसू लागलं. माझ्या डब्यात लोणचं कोण घालतं, माझी गॅसची टाकी कोण बदलून ठेवतं, मी हॉलवरून येऊन आंघोळीला जाते तेव्हा माझ्या मुलाची रिक्षा कोण थांबवून धरतं. मला बघावंसं वाटत नव्हतं, पण दिसत होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी मी कारखान्याच्या जिन्यात उभी राहून सरांना फोन केला आणि म्हटलं, धाकटीबरोबर डॉक्टरीणबाईंचं नाव घाला. सर म्हणाले, "ताई, तुमचा पाय आता तयार झालाय वो. वाईट नाही वाटणार?" मी म्हटलं, वाटेल, तुम्ही घाला.

सावर्ड्याला मी गेले. जायचं नव्हतं, पण घरी बसवेना. तिथेही मी एका जागी बसू शकले नाही. तीन खुर्च्या बदलल्या, दोनदा बाहेर जाऊन चहा प्याले. त्यांचा दुसरा सामना चालू असताना समोरच्या बाईने एक फूल डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावरून मागच्या डाव्या कोपऱ्यात टाकलं. धाकटीचा डावा पाय उचलला गेला, मी पाहिलं. मग तिने तो परत खाली ठेवला आणि आपल्या जागेवर उभी राहिली. डॉक्टरीणबाई मागे धावल्या, पण पोचल्या नाहीत. फूल पडलं. गुण गेला.

आणि धाकटी हसली. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता, कंबरेत वाकून. सहा वर्षं तिच्याबरोबर खेळले, पण कोर्टवर तिला हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला उठून बाहेर जावंसं वाटलं. गेले नाही. बसून बघत राहिले.